नवागामी दीड मिनिटाची फत्ते

श्रीकानबाई प्रसन्न. सुरत प्रांती, मौजे नवागाम येथे दीड मिनिटाकरिता जी घनघोर मोहीम जाहली, तिची हकीकत देखिली-ऐकिली तैसी लिहिली असे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी, लूमचे पुराणे कारागीर राजश्री सुपडूनाना यांची सून पल्लवीबाई घरच्या कॉम्प्युटरावर साडीच्या भरतकामाची नक्षी रचीत. ते समयी गल्लीत केबलीकरिता खोदकाम चालले, सबब वीज वारंवार दगा देई. यूपीएसचा दम नऊ मिनिटांचा, आणि नक्षीची फाइल मशीनजोगी व्हावयास मिनिटे दहा लागत. ऐसी सकाळपासून दोन वेळा शिकस्त खादली. मग कतारगामच्या कारखानदाराचे फर्मान आले जे, एक वाजेतो फाइल न पोचल्यास काम दुसऱ्यास जाईल.

बाईंनी अर्ज केला जे, आतील मेमरीच्या चार पट्ट्या जुन्या, विजेचा शिधा फार खातात. कॉम्प्युटर नानांनी हौसेने आणिला होता. ते गरजले, "तुले काय समजस? जुनं तेच बेस शे!" परंतु सुनेच्या डोळां पाणी देखिले, मग कॉम्प्युटर स्कूटरवर घालोन भेस्तानास कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बन्सीलाल मिस्त्री यांजकडे दौड केली.

मिस्त्रींनी जाहीर केले जे, या पट्ट्या तिसऱ्या पिढीच्या, खुराक दीड व्होल्ट; चौथीचा एक दशांश दोन, पाचवीचा त्याहून कमी, आणि चाकरी अधिक चपळ. हे ऐकोन नानांनी चौथ्या पिढीची पट्टी उचलोन खाचेत अंगठ्याने रेटिली.

मिस्त्री ओरडले, "काका, रहेवा दो! खाँचा अलग है!"

नाना वरमले. मग तिसऱ्याच पिढीतील अल्पाहारी शाखा, खुराक एक दशांश पस्तीस, तीतील दुप्पट कुवतीच्या दोन पट्ट्या नेमिल्या आणि जुन्या चार बडतर्फ जाहल्या.

घरी येऊन फाइल सुरू केली तोच वीज गेली. यूपीएस कण्हो लागला. सातवे मिनिट गेले, आठवे गेले, नववे सरले आणि पडदा जागाच! दहाव्या मिनिटास फाइल सिद्ध जाहली, बाईंनी तत्काळ पेनड्राइव्हावर चढविली, आणि साडेदहास पडदा काळा पडिला. नाना पेनड्राइव्ह खिशात घालोन स्वार जाहले.

एकास दहा मिनिटे असता कतारगामाहून नानांचा फोन आला, "पोचनी वं फाइल. आते जेवी ले."

येणेप्रमाणे नऊ मिनिटांची साडेदहा जाहली, सूनबाईंचे काम कायम राहिले, आणि मोहिमेचे सरदार सुपडूनाना अंगठा सुजला असता विजयी जाहले. नोंद केली असे.