योहानाबाईंचा झेंडा

झेंड्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर, लाल पट्ट्याच्या अगदी खाली, करंगळीच्या नखाएवढा पिवळा डाग होता. जयंतीने तो आधी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. डाग हळदीचाच होता.

नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं की घरावर देशाचा लाल-पांढरा-निळा झेंडा लावतात आणि काठीच्या टोकाला त्याचं दप्तर टांगतात. श्रुती पास झाली, तेव्हा शेजारच्या योहानाबाईंनी आपला जुना, नीट जपलेला झेंडा आणून दिला. दप्तर टांगण्याआधी जयंतीने त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. बाकीचं काम पावसाने केलं.

"साबण लाव की," दिलीप पेपरातून म्हणाला.

"साबणाने हळद लाल होते. केमिस्ट्री आहे ती."

"मग वर लालच पट्टा आहे. खपून जाईल."

जयंतीने नवऱ्याकडे दुर्लक्ष केलं आणि कापसाच्या बोळ्याने ब्लीच लावलं. डाग गेला, पण ओल वर चढली आणि लाल पट्ट्यावर नारिंगी ठिपका उमटला. एकटा ठिपका डोळ्यांत भरतो, सगळा पट्टा सारखा असेल तर भरणार नाही, असा विचार करून तिने अख्खा लाल पट्टा ब्लीचच्या पाण्यात बुडवला. विचारात चूक नव्हती. पट्टा एकसारखा नारिंगी झाला.

तिने झेंडा पुढच्या अंगणात वाळत घातला. फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू होता, डच टीमच्या रंगात अर्धी गल्ली नारिंगी होती. पोस्टमनने अंगठा दाखवला. जयंतीला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात श्रुती खाली आली. तिला लायडनला इतिहास शिकायचा होता. जानेवारीपासून ती तेच म्हणत होती, आणि फार्मसीवर डोळा ठेवून जयंती जानेवारीपासून "बघू" म्हणत होती. नाव नोंदवायची मुदत आता आठवड्यावर आली होती.

"आई, हे काय केलंस? यू टर्न्ड हिस्टरी बॅकवर्ड्स."

"ब्लीच केलं फक्त."

"अगं, चारशे वर्षांपूर्वी वरचा पट्टा नारिंगीच होता. राजपुत्राचा झेंडा. नंतर लाल झाला."

"नारिंगी रंग उडाला तर फिका होतो. लाल कसा होईल?"

"काहीजण म्हणतात, नारिंगी समुद्रावर टिकायचा नाही आणि लाल लांबून दिसायचा. काहीजण म्हणतात पॉलिटिक्स. राजपुत्राच्या घराण्याशी बिनसलं, म्हणून त्यांचा रंग काढला."

"आणि खरं काय?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"असं कसं? जुने तुकडे असतील ना कुठेतरी? धागा तपासायचा, कागदपत्रं लावून बघायची…" जयंती बोलता बोलता थांबली. श्रुती तिच्याकडे बघत होती.

फाटक वाजलं. योहानाबाई आत आल्या आणि झेंड्यासमोर उभ्या राहिल्या.

"माफ करा," जयंती डचमध्ये म्हणाली. "माझ्या हातून झालं. निदान फुटबॉलचा तरी वाटतोय."

"पोरांना वाटेल. मला नाही वाटत. युद्धात जर्मनांच्या बाजूला गेलेली माणसं हेच तीन रंग मिरवायची. मी सहा वर्षांची होते. आत घे तो."

जयंतीने झेंडा ओलाच काढून त्याची घडी घातली. इतक्या साध्या कापडात इतकं काही असेल, हे तिला कुठल्याच प्रयोगशाळेत कळलं नसतं.

"मी उद्या नवा आणून देते."

"आण. धुऊ मात्र नकोस." योहानाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या श्रुतीकडे वळल्या. "आणि तू? पुढे काय शिकणार?"

श्रुतीने आईकडे पाहिलं आणि सरळ मराठीत म्हणाली, "बघू."

"हा कुठला विषय?"

दिलीपने दारात पेपर खाली केला. जयंतीने घडी छातीशी धरली. हातांना ब्लीचचा वास येत होता.

"इतिहास," ती म्हणाली. "लायडनला इतिहास शिकणार आहे ती."