उरच्या ढिगाऱ्यावरचा गणू न्हावी

आमच्या तुडीलच्या रावजीकाकांना परमुलखात अनोळखी माणूस कधी भेटतच नसे. बोटीवरचे खलाशी ते. जिथं उतरतील तिथं त्यांना आपल्या महाडकडचंच कुणीतरी दिसायचं. एडनच्या धक्क्यावर पोलादपूरचा सोनार, सुवेझला पाचाडची कासारीण. "आपलाच मानूस हाय तो," ते ठासून सांगत. "वळख देत नाय, येवढंच."

मी तेव्हा बसऱ्याला रेल्वेत कारकून होतो. पहिल्या महायुद्धाची लढाई संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. एका सुट्टीच्या सकाळी काका पाठीवर गाठोडं टाकून दारात हजर. गाठोड्यात घोंगडी, पोहे आणि साऱ्या बिऱ्हाडात घमघमणारी सुकट. म्हणाले, "चल रे, पडीक गाव दाव मला." बसऱ्याला आलेले लोक बाजार बघतात, खजूर घेतात. ह्यांना पडक्या भिंतींचा सोस!

गाडीनं ऊर नावाच्या फार जुन्या शहराच्या अवशेषांपाशी उतरलो. मी साहेबाकडून ऐकलेले राजे आणि देवळं मोठ्या ऐटीत सांगू लागलो. काकांचं लक्षच नव्हतं. ते विटांच्या भल्यामोठ्या चौथऱ्यावर चढले आणि आपल्याकडे डोंगरात पलीकडच्या वाडीला घालतात तशी हाक घातली, "कूऽऽऽ!"

ढिगाऱ्यामागून एक अरब राखणदार सोटा घेऊन धावत आला. मी पळायच्या बेतात होतो. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"गणू! बिरवाडीचा गणू न्हावी! तू हितं रे कसा?"

राखणदार गोंधळला. मग अरबीत बराच वेळ काहीतरी बोलला. काका "बरं, बरं" करत ऐकत राहिले. त्यानं चहा दिला, काकांनी मूठभर सुकट दिली, ती त्यानं मिटक्या मारत खाल्ली आणि आणखी मागितली. खरं सांगतो, घटकाभरानं माझंही डोकं चालेना. बिरवाडीच्या गणूसारखंच कान खाजवणं, तसंच ओठ मुडपून हसणं! उठताना मी चक्क म्हणालो, "येतो हं गणूदादा."

काकांनी त्याला हळूच विचारलं, "आमचा दादा दिसला काय रे?" त्या भल्या माणसानं काय समजून कोण जाणे, वाळवंटाकडे हात केला आणि मान डोलावली.

गाडीत उलगडा झाला. काकांचा थोरला भाऊ पलटणीतून ह्याच मुलखात लढायला आला आणि बेपत्ता झाला. "ल्हानपनी मामाकडं पाचाडला गेलो का दादा रायगडावर पडक्या भिंतीआड दडून बसायचा," काका म्हणाले. "मी हाक घातली का मंगच यायचा. आता पन तसाच कुटंतरी बसला आसनार."

पुढच्या रजेत मी तुडीलला गेलो. काकाही आलेले होते. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहून मग दर्भाचा पुतळा जाळतात. भावकी त्यासाठी मागे लागली होती. "पुतळा कसला जाळता? गणूनं बगितलाय दादाला! इचारा ह्याला!" काका गरजले. मी मान डोलावली. भावकी पुटपुटत गेली, काकाही मागल्या पडवीत गेले.

ओसरीवर काकांची वहिनी, सगुणाकाकी, उरली. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"बाबा, खोटं कशाला बोललास?" ती हळू आवाजात म्हणाली. "लढाई संपली तवाच पलटनीतला मानूस मला सांगून गेला. त्याच्याच मांडीवर गेले ते."

मी विचारलं, "मग काकी, हे कुंकू?"

"भावजी तवा बोटीवर हुते. आले ते दादाला हुडकायचंच बोलत आले. मी कुंकू पुसलं, तर त्येंनी हाक कुनाला घालायची रे?"

तेवढ्यात पडवीतून काका ओरडले, "गो वयनी, ह्या खेपंला सुकट जास्ती बांध! मागच्या खेपंला गणूनंच संपिवली. दादाला काय ऱ्हायलीच नाय!"

"बांधते हां भावजी," म्हणत काकी उठली आणि सुकटीचं मडकं उतरवायला आत गेली.