पडता कप रोखिल्याची हकीकत

सोफासनाधीश, रिमोटधारी, राजमान्य प्रेक्षकमायबापांचे सेवेसी, साडेसातच्या मालिकेवर कोणता प्रसंग गुदरला आणि संकलकाने तो कैसा निभाविला, ते साद्यंत लिहिले असे.

मालिकेचा टीआरपी रसातळास गेला, आणि चॅनेलहून खलिता आला की, मंगळवारचा भाग न चालल्यास मालिका बंद. साठ माणसांची रोजी बुडणार, ऐसा आकांत जाहला. मग खासे निर्माते यांनी मसलत केली की, थोरल्या सूनबाई बातमी ऐकतील, हातचा कप पडोन शतखंड होईल, आणि मुलूख हादरेल. चित्रण जाहले. परंतु सामान सांभाळणारे सरदार, अकलेचे कांदे, यांनी प्लॅस्टिकचा कप आणिला होता. तो फरशीवरोन टुणकन उडाला, आणि सूनबाई फिस्सकन हसल्या. हे ध्यानी आले तेव्हा सेट मोडोन टेम्पोत गेला होता.

संकलक कपाळास हात लावोन बोलिला, "साहेब, यात कामाचे चारच सेकंद आहेत. बाकी सगळा पोरखेळ."

हुजुरांचे फर्मान सुटले की, चार सेकंदांची बावीस मिनिटे करणे, सबब ऐकिली जाणार नाही.

संकलक एके काळी कलावंत होता. ती बाधा पुरती उतरली नव्हती. त्याचा जीव तुटला. परंतु साठ चुली डोळियांपुढे आल्या, आणि तो लाज कोळून प्याला. मग कप संथगतीने सोडिला, उजवीकडोन, डावीकडोन, खालोन. आणि सासूबाईंचे मुखावर कॅमेरा तीन वेळा झडप घालोन गेला, मग सासऱ्यांचे, मग दिरांचे, मग फाटकावरील पहारेकऱ्याचे, ज्यास आत काय चालिले याचा गंधही नव्हता. दर मुखामागे वीज कडाडली. कप फरशीपासोन चार बोटे उरला, तोच भाग संपविला.

मुलूख काबीज जाहला. लख्ख उन्हात, छपराखाली वीज कैसी कडाडते, हे एकाही सुज्ञाने पुसिले नाही. चॅनेलचा हुकूम आला की, कप खाली उतरू देऊ नये.

मग खुद्द मातोश्रींचा फोन आला. "अरे, तू तर आतल्या गोटातला. मला तरी सांग, फुटतो का रे तो? काल घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

संकलकास मेल्याहून मेल्यासारखे जाहले. खरे ओठांवर आले, आणि तेथेच राहिले.

"उद्या बघ ना, आई," इतकेच तो बोलिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, साठही माणसे कामावर कायम राहिली. आज अकरावा दिवस. कप चार बोटे वरच आहे.