नानांचा अंगठा

वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांची सहाशे पानं स्कॅन करून झाली, तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं की प्रत्येक पानावर नानांचा अंगठा आहे.

"नाना, हे काय?"

"अंगठा," नाना म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"तो दिसतोय मला! पानावर कशाला?"

"चाळीस वर्षांचा कागद, साहेब. काच ठेवली की तुकडे पडतात. म्हणून हलक्या हाताने धरला."

नेमकी तारीखच झाकली गेली होती. साहेबांनी कपाळाला हात लावला. "शनिवारी या संगणकीय संग्रहाचं उद्घाटन आहे. तोवर सगळी पानं स्वच्छ हवीत. नाहीतर काम बाहेरच्या कंपनीला! ते फायलींची शिवण कापतात, पानं सुटी करतात, दोन दिवसांत काम फत्ते."

तीस वर्षं नानांनी त्या फायली वाळवी, उंदीर आणि संपादक या तिघांपासून वाचवल्या होत्या.

ते पुन्हा कामाला लागले. लाकडी पट्टी ठेवली, तर पट्टीचे आकडे बातम्यांत घुसले. दोरा ताणला, तर फोटोतल्या नगराध्यक्षांच्या गळ्यात फास दिसू लागला. शेवटी डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "अहो, तान्ह्या बाळाला धरतात तसं खालून धरा की!" आणि जमलं. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचं पान झालं.

शनिवारी पडद्यावर एकेक पान लख्ख. साहेब खुशीत. तेवढ्यात त्यांचे सासरे उठले. "जावईबापू, तुमच्या शाळेतल्या शर्यतीची बातमी दाखवा. पहिले आला होतात ना?"

त्या शर्यतीची कथा अख्ख्या ऑफिसला तोंडपाठ होती. तिच्याच पुण्याईवर साहेबांचं लग्नही जमलं होतं.

"ती... ती सापडायची नाही," साहेबांना घाम फुटला.

"न सापडायला काय झालं? आता तारखा किती छान दिसतात!" म्हणत बाईसाहेबांनी बटण दाबलं.

पान उघडलं. वर 'शालेय धावण्याची शर्यत' असा मथळा आणि खाली, बरोब्बर निकालावर, नानांचा भलामोठा अंगठा.

"अरेरे, नेमकं नावच झाकलं!" सासरे हळहळले.

"एक पान नजरचुकीने राहिलं, साहेब," नाना मान खाली घालून म्हणाले. "मूळ फाइल आणू? की बाहेरच्या कंपनीला..."

"अजिबात नको!" साहेब जवळजवळ ओरडलेच. मग घसा साफ करून म्हणाले, "आजपासून त्या फायलींना नानांशिवाय कोणीही हात लावायचा नाही."

नानांना इतका आनंद झाला की हसू लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. अर्ध्या वाटेत बसकण मारणाऱ्या धावपटूची ती बातमी चांगली चार ओळींची होती. ती एका अंगठ्याखाली पुरती मावेपर्यंत काल त्यांनी ते पान सात वेळा स्कॅन केलं होतं.