पोकळी आणि लव्हर्नचा कांदा

पोकळी सुरू झाली की लोक नाचो आणायला उठत.

ऑरिन टेस्केला हे कळलं ते आयोवातल्या एका मैदानावर. तो प्रेक्षकांच्या जिन्यापाशी उभा होता आणि खालच्या नाचोवाल्यानं आपल्या जोडीदाराला हाक मारली, "चीज तापव रे, बगळे आडवे व्हायला लागले! आता येतेय झुंबड."

बगळे म्हणजे व्हिस्कॉन्सिनमधल्या व्हिटलॉक गावचं ‘सिल्व्हर हेरन्स’ पथक. पितळी वाद्यं, ढोल आणि निशाणं घेतलेली दीडशे पोरंपोरी. उन्हाळाभर बसमधून हिंडायचं, शाळांच्या व्यायामशाळेत जमिनीवर पाठ टेकायची, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर वाजवत, धावत, आकृत्या मांडत दुसऱ्या पथकांशी झुंजायचं. ऑगस्टमध्ये इंडियानात उपांत्य फेरी. त्यातून बारा पथकं अंतिम रात्रीला जाणार. बगळे तेरावे होते.

यंदाचा खेळ ऑरिननं बसवला होता. नाव ‘पोकळी’. मधोमध सगळी पोरं हिरवळीवर आडवी होत आणि यंत्रातून एकच खोल घुमार येई, रिकाम्या रांजणात वारा शिरावा तसा. ऑरिनला त्यात तारे दिसत. लोकांना नाचो दिसत.

"लोकांना दणका लागतो, ऑरिन," पथकाची प्रमुख मार्सी हाल्व्हरसन म्हणाली. "सगळ्यांनी एका रांगेत यायचं आणि छाती फुटेस्तोवर वाजवायचं. आपली जुनी मंडळी त्याच्यासाठी तिकीट काढतात."

"गेल्या वर्षी दिला की दणका! परीक्षक काय म्हणाले? यात नवीन काय?"

"आणि यंदा काय म्हणतायत?"

"यंदा म्हणतायत, नवीन आहे, पण माणसं कुठायत?"

"नाचोच्या रांगेत!" मार्सीनं टोपी काढून वारा घेतला. "हे बघ, मी तुला फसवणार नाही. बारात आलो नाही, तर पुढच्या वर्षी खेळ दुसरं कुणीतरी बसवेल. कार्यकारिणीनं ठरवलंय."

शिकागोतली नाटकं सोडून ऑरिन या पोरांच्या मागे आला होता, आणि आता त्याला दुसरं काही करावंसं वाटत नव्हतं. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

पथकाच्या मागोमाग एक लांबलचक ट्रक चाले. त्यात लव्हर्न प्लुटाचं स्वयंपाकघर होतं. लव्हर्न तरुणपणी याच पथकात बिगुल वाजवायची. आता ती पातेली वाजवायची. नवरा मार्व्हिन भाज्या चिरायचा आणि बोलणी खायचा. पोरं तिला आजी म्हणत. जेवायला हाका मारायचा तिचा भोंगा जुलैच्या उन्हात बंद पडला, तेव्हा आवाजाची यंत्रं सांभाळणाऱ्या रूडीनं तिला एक सुटा माइक आणि लहानसा स्पीकर दिला. त्यावरून ती गर्जायची, "मीटबॉल उरलेत रे! लाजताय काय, सासरी आलात का?"

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पथकाचं एक गाणं होतं. ते मैदानासाठी नव्हतं, घरातलं होतं. रोज खेळाआधी पोरं गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते म्हणत:

नदी वाकली, वाट वाकली, वाकलं आभाळ,
मान ताठ धर, बगळ्या माझ्या, होईल रे सकाळ.

हे गाणं कानावर आलं की बगळ्यानं असेल तिथून उठायचं, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकायचा आणि सूर धरायचा, अशी रीत होती. व्हिटलॉकच्या दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या खोलीत कुणी ते गुणगुणलं, तेव्हा आत तोंडात यंत्र असलेला एकजण उभा राहिला होता. ऑरिनला मात्र हे सगळं फार गुळमट वाटे. गाणं सुरू झालं की तो वाकून बुटाची नाडी बांधायला घेई.

मग इलिनॉयमधल्या एका संध्याकाळी जेवणाचा ट्रक जागा नव्हती म्हणून थेट स्टेडियमच्या भिंतीला लावला होता. एकटीनं तुतारी वाजवणाऱ्या मुलीचा माइक खरखरायला लागला, म्हणून रूडीनं तो बंद केला आणि सुटा माइक स्टेडियमच्या स्पीकरांना जोडला. सुटा माइक कुठे आहे, हे मात्र तो विसरला.

पोरं आडवी झाली. घुमार सुरू झाला. लोक उठू लागले. आणि आभाळातून आवाज आला:

"मार्व्हिन! कांदा चिरतोयस की कांद्याला मांडीवर घेऊन बसलायस?"

उठलेले लोक अर्धवट वाकून थांबले.

"रडतोय मी," आभाळातून पुरुषाचा आवाज आला.

"लग्नात तरी रडला होतास का रे इतका?"

सगळं स्टेडियम हसलं. वर बसलेला ऑरिन गोठला. मग पातेलं घासल्याचा आवाज आला, आणि घासता घासता लव्हर्न आपल्याच नादात गाऊ लागली: नदी वाकली, वाट वाकली...

बगळे काय करणार बिचारे? रीत ती रीत. आधी ढोलवाले उठले, मग निशाणवाल्या मुली, मग सगळेच. खांद्यावर हात पडले. दीडशे गळ्यांतून, कुठलंही वाद्य न वाजता, ते घरातलं गाणं मैदानभर पसरलं, संध्याकाळी शेतावर धुकं उतरावं तसं. एका माणसाच्या हातातले नाचो पुढच्या बाईच्या डोक्यावर सांडले, तरी ती बाई रागावली नाही. ती रडत होती.

त्या रात्री बगळे बारावे आले. परीक्षक खेळ बघता बघता आपलं मत यंत्रात बोलत जातात. ते ऐकायला ऑरिन आणि मार्सी बसमध्ये बसले. "विश्वाच्या पोकळीत घरगुती आवाज," एक परीक्षक धापा टाकत सांगत होता. "धाडस आहे! आणि कांदा... कांद्याचा अर्थ फार खोल आहे."

"खोल आहे का?" मार्सीनं विचारलं.

"आता आहे," ऑरिन म्हणाला.

"नियमात बसतं ना पण हे? बाहेरच्यांनी वाजवायचं-गायचं नाही."

"मैदानावर नाही, असं लिहिलंय. ट्रक मैदानावर कुठाय?"

दुसऱ्या दिवशी ऑरिननं लव्हर्नला संवाद लिहून दिले. तिनं केस विंचरले, ओठ रंगवले आणि माइकसमोर शाळेतल्या कवितेसारखं म्हटलं, "मार्व्हिन. तू. कांदा. चिरत. आहेस. का." मार्व्हिन घाबरून म्हणाला, "होय, बाईसाहेब." लोक नाचो आणायला गेले. बगळे पुन्हा तेरावे.

"मला नाही जमत, राजा," लव्हर्न म्हणाली. "मी माझं काम करते. तुम्हाला हवं तेव्हा ऐका, पण कधी ऐकताय ते सांगू नका. सांगितलंत की माझी जीभ शेवयांसारखी होते."

मग रूडीनं माइक भाज्यांच्या फळीवर कायमचा ठेवून दिला, आणि रंग पुन्हा भरला. लोक नाचो आधीच घेऊन बसू लागले. एकानं एप्रन घालून हजेरी लावली. दुसऱ्या दिवशी एप्रनवाल्यांची अख्खी रांग आली. पोरं आडवी झाली की लोक ओरडत, "मार्व्हिन, रड!"

ऑरिनच्या मनात मात्र किडा वळवळला. रोज कांदा? परीक्षकही म्हणू लागले होते, छान आहे, पण कालच ऐकलं. त्यानं गुपचूप ट्रकमधले कांदे काढून गाजरं भरली. त्या दिवशी लव्हर्न गाजरांवरून बोलली, चांगलं बोलली, पण लोक नाराज झाले. "कांदा! कांदा!" असा गजर झाला. मग मार्सीनं गुपचूप कांद्याची पोती आणवली. ऑरिननं कोबी आणला. मार्सीनं आणखी कांदे. आठवडाभर पोरांनी सकाळच्या धिरड्यांतही कांदा आणि कोबी खाल्ला. बसमध्ये खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या, आणि तुतारीवाल्यांसमोर उभं राहायला निशाणवाल्या मुली नकार देऊ लागल्या.

"लोकांना जे आवडतं ते द्यायला तुझं काय जातं?" मार्सी भडकली.

"रोज तेच दिलं की तेही आवडेनासं होतं!"

"आणि रोज नवं दिलं की आवडायला वेळच मिळत नाही!"

या भांडणात उपांत्य फेरी उजाडली.

इंडियानाचं ते स्टेडियम म्हणजे दुसरं आभाळच. पोरं आडवी झाली. घुमार सुरू झाला. रूडीनं माइक खुला केला. लोकांनी कान टवकारले.

काही नाही.

फक्त सूप रटरटत असल्याचा बारीक आवाज. इतकी शुद्ध, इतकी अथांग पोकळी ऑरिनला उन्हाळाभर मिळाली नव्हती, आणि आता ती त्याला नको होती. पोरं गवतावर पडून गाण्याची वाट बघत होती. गाणं आल्याशिवाय ती उठणार नव्हती. बारावं स्थान तिथेच, हिरवळीवर, वाळत होतं.

ऑरिन जिन्यावरून धावला, बोळातून धावला, ट्रकमध्ये घुसला. आत मार्व्हिन एकटाच, हातात सुरी.

"लव्हर्न कुठाय?" ऑरिननं ओठांनीच विचारलं.

मार्व्हिन त्याच्या कानात कुजबुजला, "खेळ बघायला गेली. म्हणाली, जन्म गेला पोरांना जेवू घालण्यात, एकदा बघू तरी दे काय करतात ते."

"मग तू गा!" पुन्हा नुसते ओठ हलले.

"मला सूर नाही. मला कांदा येतो."

ऑरिननं माइक उचलला. गाणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण रोज नाडी बांधता बांधता त्याचा शब्दन् शब्द कानात मुरला होता. त्यानं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज असा, की मार्व्हिनच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याशिवाय वाढलं. दुसऱ्या ओळीला त्याचा गळा भलत्याच पट्टीत गेला आणि परत आला नाही. पण भिंतीपलीकडे काहीतरी हललं. दीडशे पोरं उठली, खांद्यावर हात टाकले, आणि त्याचा तो भरकटलेला सूर आपल्या सुरात उचलून घेतला, लंगडणाऱ्याला दोन्ही बाजूंनी धरावं तसा.

बगळे बारावे आले. परीक्षकाच्या यंत्रात ऐकू आलं, "आज आवाज बदलला. भयंकर आहे. पण बदलला! शाबास!"

खेळानंतरच्या जेवणाला लव्हर्न ट्रकच्या पायरीवर बसून डोळे पुसत होती.

"कसा वाटला खेळ?" ऑरिननं विचारलं.

"काय सांगू, बाळा! ती पोरं आडवी झाली ना, आणि सगळं शांत झालं... या पातेल्यांच्या खडखडाटात मला असं कधी लाभलंच नाही. वाटलं, हे संपू नये. आजूबाजूचे मेले ‘मार्व्हिन, मार्व्हिन’ करत होते, त्यांना गप्प केलं मी."

उन्हाळाभरात पोकळीला मिळालेला हा एकुलता एक प्रेक्षक.

"आणि तेवढ्यात," लव्हर्ननं डाव आपटला, "कुठलंतरी गाढव रेकायला लागलं! माझं गाणं! कोण होतं रे ते?"

मार्व्हिननं कांद्यात तोंड घातलं. ऑरिन म्हणाला, "बघतो चौकशी करून."

"बघ. आणि उद्या त्याला बांधून ठेव."

तेवढ्यात पोरांनी गोल धरला. नदी वाकली, वाट वाकली... लव्हर्न उठली. ऑरिन सवयीनं वाकला. बुटाची नाडी बांधलेलीच होती. तो तसाच सरळ झाला, गोलात शिरला, लव्हर्नच्या खांद्यावर हात टाकला आणि हळूच सूर धरला.

लव्हर्नचं गाणं थांबलं. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. एकदा खालपासून वरपर्यंत.

"अच्छा," ती म्हणाली. मग त्याच्या मानेभोवती आपला ओला हात आवळला. "गा आता, गाढवा. थांबू नकोस."