मोजणीदार नानांची गोधडी

पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहणारे नाना गोधडीचा चौकोन गुण्या लावून तपासत. गुण्या म्हणजे गवंड्याचा लोखंडी काटकोन. लुगड्याच्या चिंध्यांना एवढा मान साऱ्या जळगावात मिळत नसेल.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांचे बांध सरळ केले, आता आमचे टाके सरळ करायला घेतले होते. बायको गेलेली, मुलगा सुरतेला. आईकडून शिकलेली गोधडी ते दुपारी तीनला ओट्यावर कॉलनीतल्या बायकांना शिकवत.

ही पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी पाचोऱ्याहून आलेली नवी सून. सुई धरली की रक्त माझंच निघायचं. सासूबाईंनी मला तिथे धाडलं.

पहिला धडा सोपा. मधे एक चौकोन, भोवती चार पट्ट्या, कडा आत दुमडून धावदोरा. एवढ्याला मला सव्वा महिना लागला. कारण नाना गुण्या लावत, चष्मा कपाळावर ढकलत आणि गरजत. रागावले की त्यांना अहिराणीच लागे. "हाऊ चौकोन शे का पापड? बठ्ठा उसव!" बठ्ठा म्हणजे सगळाच्या सगळा.

शिकणाऱ्या आम्हा पाच जणींत मंगलाताईंचे टाके मोत्यासारखे. त्यांच्या चौकोनातही नानांनी दोन सुतांचा फरक काढला.

"नाना, गोधडी अंगावर घ्यायचीय, सातबाऱ्यावर चढवायची नाही!" म्हणत त्या उठून गेल्या. मागोमाग बाकीच्या तिघीही.

"जाऊ दे. कच्चा हात," नाना म्हणाले. वीस वर्षं गोधड्या शिवणाऱ्या बाईला!

उरले मी. घरी सासूबाई होत्या, इलाज नव्हता.

अखेर एका दुपारी माझ्या चौकोनाला गुण्या नीट बसला. नानांनी तो फिरवून लावला, उलटा लावला, चौकोन उजेडात नेला. खोट सापडेना. मला वाटलं, आता कौतुक होणार. नानांनी गुण्या बाजूला ठेवला.

"जमलं तुला," हळूच म्हणाले. "म्हणजे उद्यापासून येणार नाहीस."

दुसऱ्या दिवशी तीनला मी खिडकीतून पाहिलं. नानांनी ओट्यावर पाच जणींची सतरंजी अंथरली, सुरकुत्या काढल्या, आणि तिच्या एका टोकाला स्वतःच जाऊन बसले.

मी जुनी साडी टर्रकन फाडली, मुद्दाम वाकडा तुकडा कापला आणि गेले.

"नाना, कोपरा काही जमत नाही हो."

पुढचा तासभर त्यांनी माझी, माझ्या माहेरची आणि पाचोऱ्यातल्या तमाम शाळांची लाज काढली. इतक्या आनंदाने मला आजवर कुणी रागावलेलं नाही.