चिकूच्या बर्फीचं थेट प्रक्षेपण

"रेकॉर्ड झालंच पाहिजे," चपला घालता घालता वासंतीने तिसऱ्यांदा बजावलं. "कार्यक्रम लाइव्ह आहे. परत दाखवत नाहीत, नेटवर टाकत नाहीत. त्यात आईकडे वेवजीला आज दिवसभर लाईट नाही. आईनेच बघितलं नाही, तर मी टीव्हीवर जाऊन काय फायदा?"

"अगं, सगळं जोडून ठेवलंय. तू निर्धास्त जा," विष्णू म्हणाला.

कैनाडच्या शाळेत शिकवणाऱ्या वासंतीला एका वाहिनीने मुंबईला बोलावलं होतं, चिकूची बर्फी करून दाखवायला. बर्फी मूळ तिच्या आईची. गेली चोवीस वर्षं वासंती ती मसोलीतल्या आपल्या घरी दर रविवारी करायची आणि विष्णूच्या डब्यात रोज दोन वड्या न चुकता घालायची.

टीव्हीवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवणारी एक डबी विष्णूने खास मागवली होती. कुणाची मदत घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं. वायरी जोडल्यावर कॉम्प्युटरने विचारलं, आवाज कुठून घेऊ? आता रेल्वे स्टेशनवर सव्वीस वर्षं गाड्या पुकारणाऱ्या माणसाला हा काय प्रश्न झाला? आवाज माइकमधूनच येतो. त्याने ऐटीत 'मायक्रोफोन'वर क्लिक केलं. चाचणीत आवाज आलाही, कारण टीव्ही मोठ्याने चालू होता आणि विष्णू गप्प होता.

अकरा वाजता शेजारच्या सोनलबेन कार्यक्रम बघायला येऊन बसल्या. पडद्यावर वासंती नवी साडी नेसून हसत होती. "आमच्या ह्यांना तर ही बर्फी रोज डब्यात लागते," तिने अख्ख्या महाराष्ट्राला सांगितलं.

"लागते कसली!" विष्णू म्हणाला. "टाळूला अशी चिकटते, की पंधरा मिनिटं तोंड उघडत नाही. गाड्या काय खुणा करून पुकारू? मी ती स्टेशनवरच्या कुत्र्याला घालतो."

"हाय हाय, विष्णूभाई!" सोनलबेन पदर तोंडाला लावून हसल्या. "आमच्याकडे देते ने, ती आमी गायला घालतो!"

कार्यक्रम संपला. विष्णूने रेकॉर्डिंग लावून बघितलं. चित्र झकास होतं. पण वासंतीचा आवाज मागे कुठेतरी पुटपुटत होता आणि पुढे खणखणीत ऐकू येत होते ते विष्णू आणि सोनलबेन. तेवढाच तुकडा कापायचा कसा, हे त्या डबीबरोबरच्या पुस्तकात असेलही, पण पुस्तक चिनी भाषेत होतं.

रविवारी सासूबाई वेवजीहून एसटीने आल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. सोनलबेनही येऊन बसल्या. विष्णूने आधीच स्पीकरचं बटण पार खाली फिरवून ठेवलं होतं.

"आवाजच आला नाही बघ," तो वासंतीला म्हणाला. "वाहिनीचाच काहीतरी घोटाळा."

"अवाज कशाला जोयते?" सोनलबेन घाईने म्हणाल्या. "वासंतीबेन केवढी छान दिसते, ते बघा ने!"

"आईला कळणार कसं मग?" वासंतीचा चेहरा पडला. "अहो, तुम्ही बघितलाय ना कार्यक्रम? मी काय बोलले ते तुम्हीच बोला."

विष्णूचा नाइलाज झाला. पडद्यावर वासंतीचे ओठ हलू लागले आणि खोलीत विष्णूचा स्टेशनवरचा आवाज घुमू लागला. "कृपया लक्ष द्या. चिकू सोलून घ्यावेत. बिया काढाव्यात. साजूक तूप थोड्याच वेळात कढईत येत आहे."

"जावईबापू, जरा मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना कमी ऐकू यायचं. हाताशी एक बटण दिसलं, ते त्यांनी पार वरपर्यंत फिरवलं.

पडद्यावर वासंती हसून घरून नेलेल्या बर्फीचं ताट पुढे करत होती आणि आवाज आला, "मी ती स्टेशनवरच्या कुत्र्याला घालतो!"

सगळ्यांनी विष्णूकडे बघितलं. त्याचं तोंड बंद होतं.

पाठोपाठ स्पीकरमधून सोनलबेनची गाय आली. सोनलबेन "दूध उतू जायेल" म्हणत उठल्या आणि घरी पळाल्या. विष्णूला कुठे पळायला जागाच नव्हती. वासंती कॉम्प्युटरकडे बघत राहिली. इतकी वर्षं पहाटे उठून आटवलेलं दूध तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला रडूच आलं.

तेवढ्यात पडद्यावरची वासंती अडखळली. पुढचं काही सुचेना. स्पीकरमधून विष्णू कळवळून ओरडला, "वेलची, वासंती! वेलची राहिली! घाबरू नको गं, येतं तुला!" आणि खरोखरच पडद्यावरच्या वासंतीने वेलचीची वाटी उचलली.

"काळजी आहे हो लेकीची," सासूबाई म्हणाल्या. आधीचं त्यांना किती ऐकू आलं, कोण जाणे.

वासंतीने डोळे पुसले.

सोमवारी सकाळी तिने विष्णूच्या हातात एकाऐवजी दोन डबे दिले. "निळा त्या कुत्र्याचा," ती शांतपणे म्हणाली. "लाल तुमचा. अदलाबदल करू नका."

स्टेशनवर पोचल्यावर विष्णूने निळा डबा उघडला. त्यात तळलेले बोंबील होते, वर लिंबाची फोड. लाल डब्यात बर्फी होती. नुसती बर्फी, काठोकाठ भरलेली.

कुत्र्याने बोंबील फस्त केले, विष्णूच्या डब्याचा वास घेतला आणि तो निघून गेला. विष्णूने बराच वेळ डब्याकडे बघितलं. मग एक वडी अख्खी तोंडात टाकली.

त्या दिवशी पावणेअकराची गाडी स्टेशनात गुपचूप आली आणि गुपचूप गेली.